चिठ्ठी नसलेल्या गावात

टॅलिन. एस्टोनियाची राजधानी. मध्ययुगीन बुरूज, दगडी गल्ल्या, समुद्रावरून येणारा बोचरा वारा... आणि असे दवाखाने, जिथे फाईल घेऊन कुणी जातच नाही! बाबांची फाईल डोक्यात घेऊन केलेली ही भटकंती.

'फाईल आणलीय ना?'

आपल्याकडे कुठल्याही हॉस्पिटलच्या काउंटरवर ऐकू येणारं पहिलं वाक्य हेच. आधी फाईल, मग पेशंट. आमच्या घरची फाईल म्हणजे खरं तर फाईल नाहीच. सांगलीतल्या एका साडीच्या दुकानाची जाड प्लास्टिकची पिशवी आहे ती. त्यात बाबांचे वीस वर्षांचे रिपोर्ट, उडून गेलेल्या शाईचे ईसीजी, मेडिकलवाल्याची बिलं आणि मधेच माझं दहावीचं एक जुनं हॉल तिकीट. एक्स-रे मोठे असतात म्हणून ते गादीखाली. तुमच्याही घरी असंच असणार, पैज लावते.

दोन वर्षांपूर्वी बाबा एका लग्नासाठी पुण्यात आले होते. रात्री थंडी वाजून ताप भरला आणि आम्ही त्यांना घेऊन जवळच्या हॉस्पिटलात धावलो. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी अगदी बरोबर प्रश्न विचारला, 'कुठल्या औषधाची अॅलर्जी?' बाबा ग्लानीत. आई म्हणाली, 'एकदा कुठल्याशा इंजेक्शननं अंगभर गांधी उठल्या होत्या. पण नाव काही आठवत नाही हो... पिशवीत असेल.' पिशवी सांगलीत. कपाटात. किल्ली आईच्या पर्समध्ये.

अँटिबायोटिक सुरू झालं. पंधरा-वीस मिनिटांत बाबांचे ओठ सुजले, श्वास अडकायला लागला. पुढची दहा मिनिटं मला नीट आठवत नाहीत आणि आठवायचीही नाहीत. बाबा वाचले. डॉक्टरांनी लगेच ओळखलं म्हणून वाचले. नंतर सांगलीला गेल्यावर मी पिशवी पलंगावर ओतली. पिवळा पडलेला एक कागद सापडला. आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांचं अक्षर. लाल शाईत, खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं : पेनिसिलिन देऊ नये.

म्हणजे माहिती होती. फक्त जिथे हवी होती, तिथे नव्हती.

श्रीखंडाची वडी आणि बाराव्या मिनिटाला घर

टॅलिनला मी काही हे सगळं शोधायला गेले नव्हते. माझी मावसबहीण, आमची ताई, सहा वर्षांपासून तिथे आहे. दाजी सॉफ्टवेअरमध्ये. 'ये गं एकदा', 'ये गं एकदा' चालूच होतं. शेवटी ऑक्टोबरच्या अखेरीस इस्तंबूलमार्गे जाऊन धडकले. विमानतळापासून शहराचा मध्य जेमतेम चार किलोमीटर! आपल्याला एवढ्या वेळात विमाननगरचा सिग्नलसुद्धा ओलांडता येत नाही. ज्या अॅपवरून गाडी मागवली, ते बोल्टही याच गावचं, २०१३ मध्ये सुरू झालेलं. स्काइपचं प्रोग्रॅमिंगही इथल्याच पोरांनी केलेलं, २००३ मध्ये. ते मात्र २०२५ च्या मे महिन्यात बंद झालं.

ताईचं घर कालामाया भागात. रंगीत लाकडी घरं, पायऱ्यांवर सायकली, दर दुसऱ्या वळणावर कॉफी. गेल्या गेल्या ताईनं हातात एक छोटीशी गोड वडी ठेवली. कोहुके म्हणतात तिला. चक्क्याचा गोळा आणि वरून चॉकलेटचा थर. म्हणजे चॉकलेटचा कोट घातलेलं श्रीखंड म्हणा ना! पाच दिवसांत मी किती खाल्ल्या, ते इथे छापत नाही.

पहिला दिवस टिपिकल टुरिस्टचा. जुनं शहर १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. वीरू गेटच्या दोन गोल बुरुजांमधून आत शिरलं की रस्ता एकदम दगडी होतो आणि टाचांचे बूट घातलेले असले तर पश्चात्तापही होतो. गल्ल्या फिरत फिरत आपण राएकोया प्लात्स या टाऊन हॉलच्या चौकात येतो. त्या चौकाच्या एका कोपऱ्यात एक औषधांचं दुकान आहे. राएआप्तेक. त्याचा पहिला लेखी उल्लेख आहे १४२२ मधला. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दोनशे आठ वर्षं आधी इथे गावाला औषधं मिळत होती! पुढे बुरखार्ट नावाच्या एकाच घराण्यानं तीनशेहून जास्त वर्षं हे दुकान चालवलं.

आतल्या संग्रहालयातल्या बरण्या बघून मात्र हसावं की रडावं कळत नाही. जाळलेल्या मधमाश्या, साळूसारख्या काटेरी प्राण्याची राख, वटवाघळाची पूड, सापाची कात. त्या काळी ही औषधं होती. लोक ती विश्वासानं घेत होते. मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. बरणीत काय आहे, हे पेशंटला कुठे कळत असणार? पण देणाऱ्याला तो ओळखत होता. बापानं दिलं, आता मुलगा देतोय. बस. विश्वास बरणीवर नव्हता, माणसावर होता.

चिठ्ठी कुठाय?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई म्हणाली, 'चल, माझ्या थायरॉईडच्या गोळ्या घ्यायच्यात. तिथून मार्केटमध्ये जाऊ.' सवयीनं मी विचारलं, 'चिठ्ठी घेतलीस?' ताई हसायला लागली. 'कसली चिठ्ठी?'

तिनं सकाळी फॅमिली डॉक्टरांना मेल केला होता. गोळ्या संपत आल्यात, पुढच्या लिहून द्या. डॉक्टरांनी जुन्या नोंदी बघितल्या आणि नवीन प्रिस्क्रिप्शन कॉम्प्युटरवर टाकलं. झालं. आता ते देशातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात दिसतं. ताईनं काउंटरवर ओळखपत्र दिलं. काउंटरमागच्या बाईंनी ते वाचलं, स्क्रीन बघितली, मागे जाऊन डबी आणली. सबसिडी वजा होऊन जे उरले तेवढे पैसे. दोन मिनिटं! एस्टोनियन लोक एरवीही फार बोलत नाहीत. त्या बाईंनी तर सगळ्या कारभारात चारच शब्द खर्च केले.

माझा चेहरा बघून दाजींनी रात्री जेवताना सगळा फंडा समजावून सांगितला. इथे प्रत्येकाला अकरा आकडी ओळख क्रमांक असतो. बाळ जन्मलं की लगेच मिळतो. २००२ पासून चिप असलेलं ओळखपत्र आहे. त्याला दोन पिन. पहिला चार आकडी, 'हा मीच' असं सांगायला. दुसरा पाच आकडी, सही करायला. सरकारी खाती, बँका, हॉस्पिटलं यांचे कॉम्प्युटर एकमेकांशी ज्या रस्त्यानं बोलतात, त्या रस्त्याचं नाव एक्स-रोड. तो २००१ चा. आरोग्याच्या नोंदींची राष्ट्रीय यंत्रणा आली २००८ मध्ये आणि ई-प्रिस्क्रिप्शन २०१० च्या जानेवारीत. आज शंभरातली नव्व्याण्णव प्रिस्क्रिप्शनं कागदाशिवाय होतात. २०१९ पासून तर फिनलंडच्या डॉक्टरांनी लिहिलेलं औषध इथल्या दुकानात मिळायला लागलं. मधे समुद्र आहे, तरी!

'आणि रस्त्यात कुणी चक्कर येऊन पडलं तर?' मी मुद्दाम विचारलं.

'अँब्युलन्सवाले ओळख क्रमांकावरून तातडीची माहिती बघू शकतात. रक्तगट, चालू औषधं...' दाजी क्षणभर थांबले. त्यांना आमची ती रात्र माहीत होती. '...आणि अॅलर्जी.'

ताईनं विषय बदलून मला आमटी वाढली.

आता कुणी म्हणेल, छोटा देश आहे, जमतं त्यांना. छोटा आहेच. अख्ख्या एस्टोनियाची लोकसंख्या साधारण तेरा-चौदा लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या पिंपरी-चिंचवडमध्ये त्याहून जास्त माणसं होती. पण मला कोडं पडलं होतं ते यंत्रणेचं नाही, लोकांचं. कॉफी शॉपमध्ये, मार्केटमध्ये, ताईच्या मित्रमंडळींत मी ज्याला त्याला विचारत सुटले, 'तुमचे सगळे आजार सरकारी कॉम्प्युटरमध्ये आहेत, भीती नाही वाटत?' बहुतेकांनी खांदे उडवले. एकजण म्हणाला, 'तुला नळाच्या पाण्याची भीती वाटते का?' आता त्याला नळाच्या पाण्याबद्दल आपण काय सांगणार!

कुणी बघितलं?

खरं उत्तर मिळालं ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तिनं लॅपटॉप उघडला, फोनवर पिन टाकला आणि आरोग्याच्या पोर्टलवर गेली. तिची सगळी कुंडली समोर. रक्ताच्या तपासण्या, भाचीच्या वेळचं बाळंतपण, लसी, औषधं. ठीक आहे, असं आपल्याकडेही एखाद्या लॅबच्या अॅपवर दिसतं. मग तिनं आणखी एक पान उघडलं. त्यावर नुसती यादी होती. तारीख, वेळ, संस्था, नाव.

'हे काय?'

'माझी माहिती कुणी कुणी बघितली, त्याची नोंद.'

मी खुर्ची पुढे ओढली. फॅमिली डॉक्टर. नर्स. लॅब. कुणी, कधी, सगळं. 'हे बघ', ताईनं एका जुन्या ओळीवर बोट ठेवलं. 'हे नाव मला माहीत नव्हतं. मी कधी त्या डॉक्टरला भेटलेच नव्हते. मग मी मेल करून विचारलं, हे कोण आणि यांनी माझी फाईल का उघडली?'

'मग?'

'तीन दिवसांत उत्तर आलं. माझ्या डॉक्टर रजेवर होत्या, त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी माझा रिपोर्ट बघितला होता. संपलं.'

इथे कारण नसताना पेशंटच्या नोंदीत डोकावणं हा गुन्हा आहे. डॉक्टर असला तरी. शेजारणीचं काय चाललंय, आधीच्या बायकोला काय झालंय, असं बघायची सोय नाही, कारण बघितल्याचा ठसा उमटतो आणि तो ठसा शेजारणीलाच दिसतो! शिवाय एखादी नोंद डॉक्टरांपासून झाकून ठेवायची असेल तर पेशंट ती बंद करू शकतो. नोंदी आपोआप जमा होतात, पण दाराला कडी घालायचा हक्क आपला.

मी ताईला विचारलं, 'तू रोज बघतेस ही यादी?'

'छे! वर्षातून एकदा बघत असेन. पण बघता येते ना, म्हणून बघत नाही.'

हे वाक्य मी त्या रात्री वहीत लिहून ठेवलं.

तेविसावा मजला

ही सवय या लोकांना आली कुठून? त्याचं एक उत्तर वीरू नावाच्या हॉटेलात मिळतं. जुन्या शहराला अगदी खेटून उभं असलेलं हे हॉटेल १९७२ मध्ये सुरू झालं. तेव्हा एस्टोनिया सोव्हिएत युनियनमध्ये होता. परदेशी पाहुणे, विशेषतः फिनलंडहून बोटीनं येणारे, याच हॉटेलात उतरवले जायचे. हॉटेलाला मजले बावीस. लिफ्टही बावीसपर्यंतच. पण वर आणखी एक मजला होता. तेविसावा. तिथे केजीबीचं ऐकण्याचं केंद्र होतं. पाहुण्यांच्या खोल्यांमध्ये छुपे माइक बसवलेले. त्या खोलीच्या दारावर रशियनमध्ये लिहिलेलं असायचं, 'इथे काहीही नाही'!

१९९१ मध्ये एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला आणि ती मंडळी घाईघाईनं निघून गेली. आज तिथे छोटंसं संग्रहालय आहे, गाइडबरोबर जाता येतं. फोडलेली यंत्रं, फोनचे जुने रिसीव्हर, राखेनं भरलेला अॅशट्रे. गच्चीच्या बाजूनं बाहेर बघितलं की टोकदार चर्च, लाल कौलं, मागे राखाडी समुद्र. शहराचा सर्वांत भारी व्ह्यू आणि तोच सर्वांत भीतिदायक.

आमच्या ग्रुपमध्ये एक एस्टोनियन आजोबा होते, नातीला घेऊन आलेले. गाइडनं विनोद केला की सगळे हसत होते, ते हसत नव्हते. खाली उतरताना मी त्यांनाही माझा तोच प्रश्न विचारला. नातीनं भाषांतर केलं. आजोबा म्हणाले, 'तेव्हाही आमची सगळी माहिती त्यांच्याकडे होती. फरक एवढाच की कोण वाचतंय, हे आम्हाला कळत नव्हतं.'

एवढंच बोलून ते टोपी घालून निघून गेले. मी मात्र जिन्यातच उभी. एका बाजूला असं दार, ज्यावर 'इथे काहीही नाही' लिहिलंय. दुसऱ्या बाजूला ताईच्या लॅपटॉपवरची यादी. माहिती दोन्हीकडे गोळा होतेच. प्रश्न दार कुठल्या बाजूनं उघडतं, हा आहे.

सगळं गुलाबी नाही हं!

आता तुम्हाला वाटेल, ही बया एस्टोनियाच्या टुरिझम खात्याकडून पैसे घेऊन आलीय. थांबा.

ताईला डोळ्यांच्या स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट हवी होती. पोर्टलवर दोन क्लिकमध्ये दिसली... चार महिन्यांनंतरची! स्पेशालिस्टसाठीची लांबलचक वाट ही इथल्या लोकांची सर्वांत मोठी तक्रार आहे. रांग कॉम्प्युटरवर गेली म्हणून डॉक्टर वाढत नाहीत. आपल्याकडे निदान पैसे मोजले की त्याच संध्याकाळी स्पेशालिस्ट भेटतो. पैसे असतील तर, अर्थात.

ताईच्या खालच्या मजल्यावर एक रशियन बोलणाऱ्या आजी राहतात. देशात साधारण चौथा हिस्सा लोक रशियन बोलणारे. पोर्टल रशियनमध्येही आहे, पण आजी त्याच्या वाटेला जात नाहीत. 'कॉम्प्युटरला माझ्या गोळ्या माहीत आहेत', त्या ताईमार्फत मला म्हणाल्या, 'पण तो कशी आहेस म्हणून विचारत नाही.' जुन्या डॉक्टरीणबाई विचारायच्या. त्या निवृत्त झाल्या.

आणि नुसत्या यंत्रणेनं विश्वास तयार होत नाही, हे २०२१ मध्ये कोविडच्या लसीकरणात दिसलंच. इतका डिजिटल देश, पण लस घेण्यात युरोपीय सरासरीच्या मागे. पूर्वेकडच्या, रशियन बोलणाऱ्या भागात तर आणखी मागे. बुकिंगचं बटण सगळ्यांकडे होतं. ते दाबावंसं वाटणं, ही गोष्टच वेगळी.

धक्केही कमी बसलेले नाहीत. २००७ मध्ये देशावर मोठा सायबर हल्ला झाला, बँका आणि वर्तमानपत्रांच्या वेबसाइट ठप्प झाल्या. २०१७ मध्ये साडेसात लाखांच्या आसपास ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष सापडला आणि नोव्हेंबरात सरकारला ती अपडेट होईपर्यंत चक्क थांबवावी लागली. पण लपवालपवी झाली नाही, हे दाजी आवर्जून सांगतात. २०२४ मध्ये औषधांच्या दुकानांच्या एका साखळीच्या लॉयल्टी कार्डांची माहिती चोरीला गेली. लाखो ग्राहकांची. कुणी काय खरेदी केलं, याच्यासकट. म्हणजे सरकारी दार पक्कं, पण पॉइंट मिळतात म्हणून आपण मारे खुशीनं भरलेला फॉर्म कच्चा!

समुद्रापलीकडे, ऐंशी किलोमीटरवरच्या फिनलंडमध्ये तर त्याहून भयंकर घडलं. २०२० मध्ये वास्तामो या खासगी मानसोपचार केंद्रांच्या हजारो पेशंटच्या नोंदी चोरून चोरानं एकेकाला थेट मेल पाठवले, पैसे दे नाहीतर तुझं सगळं जगजाहीर करतो. माणूस समुपदेशकाला जे सांगतो, ते आईलाही सांगत नाही. विचार करा.

म्हणून भीती खोटी नाही. भीती वाटणारी माणसंही अडाणी नाहीत. हे मला परत आल्यावर बाबांशी बोलताना फार उपयोगी पडलं.

सांगली, पिशवी आणि चौदा आकडे

परत आल्यावर पहिला शनिवार-रविवार सांगलीला गेले. कोहुके काही विमानात टिकल्या नसत्या, म्हणून काळा पाव आणि मार्झिपान. आईनं दोन्ही 'बरंय' म्हणून बाजूला ठेवलं.

मी उत्साहात बाबांना टॅलिनपुराण ऐकवलं आणि म्हटलं, 'बाबा, आपलं आभा कार्ड काढून टाकू.' आभा म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा चौदा आकडी आरोग्य क्रमांक. हे मिशन देशभर २०२१ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालं आणि आतापर्यंत सत्तर कोटींहून जास्त क्रमांक निघालेत. ऐच्छिक आहे. कल्पना अशी की नोंदी हॉस्पिटलकडे, लॅबकडेच राहणार. दुसऱ्या डॉक्टरला बघायच्या असतील तर तो परवानगी मागणार आणि तुम्ही हो म्हणालात तरच त्याला दिसणार.

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. हा माणूस भाजीपासून सलूनपर्यंत सगळीकडे फोननं पैसे देतो. 'तो प्रश्न वेगळा', बाबा म्हणाले. 'पैसे गेले तर गेले. माझी शुगर किती, हे कुणाला कशाला? उद्या विमावाला म्हणेल, आम्हाला सगळं माहीत आहे. आणि ते लसीचं काय झालं होतं?'

बाबांना पेपर नीट वाचायची सवय आहे. २०२३ च्या जूनमध्ये टेलिग्रामवरच्या एका बॉटवर लस घेतलेल्यांचे तपशील दिसत असल्याच्या बातम्या आल्या होत्या. को-विनमध्ये थेट घुसखोरी झालेली नाही, असं सरकारनं म्हटलं होतं. पण बाबांच्या डोक्यात बातमी राहिली, खुलासा नाही. हे असंच असतं.

तरी मी चिकाटीनं फोनवर अॅप उतरवलं, त्यांचा मोबाइल नंबर टाकला, ओटीपी टाकला. आणि स्क्रीनवर आलं, या नंबरवर आभा आधीच आहे.

'मी कधी काढलं?' बाबा चमकले.

आम्ही दोघं आठवत बसलो. मग आईलाच सुचलं. 'अहो, तपासणीला गेलो होतो तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं आधार मागितलं नव्हतं का? आणि म्हणाली, मोबाइलवर नंबर आलाय तो सांगा.' बाबांनी नंबर सांगितला होता. कशासाठी, हे त्या मुलीनं सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. मागे रांग होती. रांगेत आपण काहीही सांगतो.

क्रमांक होता. चौदा आकडे, बाबांचा फोटो, सगळं व्यवस्थित. आत मात्र काहीच नव्हतं. ना शुगर, ना ईसीजी. ना पेनिसिलिन.

मी गप्पच झाले. टॅलिनमध्ये ताईच्या नोंदी तिच्या अंगवळणी पडल्या आहेत, कारण त्या कोण बघतं हे तिला दिसतं. इथे बाबांना आपला क्रमांक आहे, हेच माहीत नव्हतं. मग त्यांनी विश्वास ठेवायचा कशावर? तंत्रज्ञान आपल्याकडेही तयार आहे. परवानगीची सोय कागदावर तर चांगली आहे. राहिलंय ते काउंटरवरचं एक वाक्य, 'काका, हे असं असं आहे, काढू का?' या वाक्याला ना सर्व्हर लागतो ना बजेट.

बाबा बराच वेळ फोन हातात धरून बसले होते. मग चष्मा वर करून म्हणाले, 'तिकडे ते दिसतं म्हणालीस ना, कुणी बघितलं ते? यात दिसतं का?'

मी परवानग्यांचं पान उघडून दाखवलं. रिकामं. कुणी मागितलीच नव्हती.

'म्हणजे अजून कुणीच बघितलेलं नाही?'

'बघायला काही नाहीच ना बाबा आत.'

ते उठले. आत गेले, कपाटाचं दार वाजलं. साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन आले आणि माझ्यासमोर सतरंजीवर ठेवली. 'फोटो काढ सगळ्यांचे', म्हणाले. 'तुझ्या, माझ्या आणि आईच्या फोनमध्ये राहू देत. तुझ्या त्या अॅपमध्ये टाकायचं की नाही, ते आधी मला नीट समजावून सांग. मग ठरवू.'

रविवारची अख्खी दुपार त्यात गेली. माझं हॉल तिकीटही सापडलं. आईनं एका जुन्या व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीमागे स्वतःच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं आणि ते बाबांच्या पाकिटात, फोटोच्या पुढच्या कप्प्यात ठेवलं. लाल शाईत. खाली दोन रेघा मारून.

टॅलिनला जायचंय?

कसं जाल : मुंबईहून थेट विमान नाही. इस्तंबूल किंवा फ्रँकफर्टमार्गे जाता येतं. हेलसिंकीला उतरलात तर बोटीनं साधारण दोन तासांत टॅलिन. मज्जा येते! शेंगेन व्हिसा लागतो, चलन युरो.

कधी जाल : मे ते सप्टेंबर उत्तम. थंडी झेपत असेल तर डिसेंबरमध्ये टाऊन हॉलच्या चौकातला ख्रिसमस बाजार.

काय चुकवू नये : राएआप्तेकमधल्या बरण्या, वीरू हॉटेलचा तेविसावा मजला (आधी बुकिंग करा), कालामायातली लाकडी घरं, बाल्टी याम स्टेशनजवळचं मार्केट आणि कोहुके.

बॅगेत काय ठेवाल : तुमची नेहमीची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि अॅलर्जी असेल तर तिचं नाव. पाहुण्यांना अकरा आकडी क्रमांक नसतो. आपली चिठ्ठी आपणच सांभाळायची!